वाचकांचे प्रश्न : शेजारच्या घरातली मारहाण

प्रश्न : आमच्या बचत गटातल्या एका बाईला नवरा मारतो. आम्ही आठ-दहाजणी घरी जाऊन त्याला खडसावलं. आठवडाभर शांत होता, मग मार वाढला. आमचं काय चुकलं? (बचत गटाच्या सदस्या, जुन्नर तालुका)

उत्तर : तुम्ही गेलात हे बरोबर, पण तिला विचारून गेलात का? तुम्ही दाराबाहेर पडलात की 'गावात माझी अब्रू काढलीस' याचा राग तिच्यावरच निघतो. म्हणून आधी तिला एकटीला गाठा. गिरणी, पाणवठा, अंगणवाडी कुठेही चालेल, पण सासू सोबत नको. तिला काय हवंय ते विचारा. बहुतेकींना मार थांबायला हवा असतो, संसार मोडायला नको असतो.

मग दोन-तीन शेजारणींशी खूण ठरवा, उदाहरणार्थ ताट वाजवणं. खूण ऐकू आली की विरजण मागायला म्हणून दार ठोठवायचं, भांडणाचा विषय काढायचा नाही. हातात कोयता असेल किंवा त्याने गळा दाबला असेल तर दार ठोठावण्याच्या फंदात न पडता थेट ११२ लावा. गळा दाबणं ही जिवावर बेतण्याच्या सगळ्यात मोठ्या खुणांपैकी एक आहे. वर जखम दिसत नसली तरी तिला दवाखान्यात न्या.

आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि मुलांचे दाखले यांच्या झेरॉक्स, थोडे पैसे आणि कागदावर लिहिलेले फोन नंबर एखाद्या शेजारणीकडे ठेवा. मूळ रेशनकार्ड उचललं तर दोन दिवसांत घरात बोंब होते. मारहाणीच्या तारखा गटातल्या कुणीतरी वहीत लिहाव्यात. प्राथमिक आरोग्य केंद्रात मात्र 'पायरीवरून पडले' असं सांगू देऊ नका. केसपेपरवर तेच लिहिलं जातं आणि पुढे कोर्टात तिच्याच विरुद्ध जातं.

प्रश्न : तंटामुक्ती समितीने शंभराच्या स्टॅम्पवर नवऱ्याकडून 'पुन्हा हात उचलणार नाही' असं लिहून घेतलं. एवढं पुरेल का?

उत्तर : नाही. त्याने पुन्हा मारलं तर त्या कागदावरून त्याला कुणी आत टाकत नाही. तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली आणि तिला बक्षिसाची जोड मिळाली, तेव्हापासून तंटे 'मिटले' असं दाखवण्याची घाई अनेक गावांना असते. जमिनीचा बांध आणि बायकोची पाठ एकाच मापाने मोजली जाते.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्याने दिलेला संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. असा आदेश मिळवण्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली सरकारने नेमलेला अधिकारी) घटनेचा अहवाल भरून घ्या. त्यांचा पत्ता अंगणवाडी सेविकेला विचारा. कळवायला शेजारीणही चालते. सद्भावनेने कळवणाऱ्यावर कायद्याने जबाबदारी येत नाही.

पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून मूळ अर्जासोबतच कलम २३ खाली अंतरिम (निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता) आदेश मागा, त्याला प्रतिज्ञापत्र जोडा. 'घर सासऱ्याच्या नावावर आहे' म्हणून ती गप्प बसत असेल तर तिला सांगा, ती नांदत असलेल्या घरात राहायला घर तिच्या नावावर असावं लागत नाही. वकिलाचा खर्चही नको. उत्पन्न कितीही असलं तरी बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

प्रश्न : दारूचं दुकान बंद केलं की मार थांबेल का?

उत्तर : बाटली आडवी जरूर करा, पण पिऊन आलेला माणूस वाटेत भेटलेल्या सरपंचाला मारत नाही, घरी येऊन बायकोलाच मारतो. दुकान बंद झाल्यावरही खूण, वही आणि झेरॉक्स तशाच चालू ठेवा.