चर्चला जायला लागल्यापासून नाशिकचे नातेवाईक नावं ठेवतात. देवाला पटेल ते करावं की त्यांना?

देवाला पटेल तेच. ख्रिस्ताचा प्रेषित पौल यानं बायबलमधल्या गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात (1:10) स्पष्टच म्हटलंय की, अजून माणसांनाच खूश करत बसलो असतो तर मी ख्रिस्ताचा दास नसतो. (चर्चमधल्या मंडळींचं मत हेही माणसांचंच मत, बरं का.) नाशिकजवळच्या जलालपूरच्या लेखिका लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा खुद्द लक्ष्मीबाई काही वर्षं दुरावल्या होत्या. पण 'लोक गेले उडत' असा याचा अर्थ नाही. तोच पौल करिंथकरांना (पहिलं पत्र, 10:32) सांगतो, कुणाला अडखळण होऊ नका. म्हणून समजा, घरात काकांचं दहावं असेल, तर गंगेवर (गोदावरीकाठी) जरूर जा. विधीत बसू नका, पण काकूंना हात धरून रिक्षातून उतरवा, सगळ्यांच्या चहापाण्याचं बघा.