पहिलं मत देतोयस? मग ऐक
अरे मतदार कार्ड आलं म्हणजे झालं असं समजू नकोस, आधी मतदार यादीत नाव बघ, माझं एकदा भाड्याचं घर बदलल्यावर गायबच झालेलं आणि दीड तास लाईनीत उभा राहून परत आलो, जाम डोकं फिरलं. नाव नसेल तर फॉर्म ६, पत्ता बदलला तर ८. आणि ‘एका मताने काय होतंय’ म्हणणाऱ्या मित्रांना सांग, २०२४ ला लोकसभेची मुंबई उत्तर पश्चिमची सीट फक्त ४८ मतांनी गेली, म्हणजे आमच्या चाळीचा एक मजला! बदल लगेच होत नाही, माहितीये, पण मला अजून आशा आहे बाबा. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या मशीनच्या काचेत चिठ्ठी ७ सेकंद दिसते, ती नीट बघ. मोबाईल घरी ठेव, सकाळी सातलाच जा.