उणे २० अंश थंडीतही काँग्सफ्योर्ड गोठत का नाही?

काँग्सफ्योर्ड म्हणजे आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांच्या पश्चिम किनाऱ्यावरचा फ्योर्ड, जमिनीत खोल शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी. तो गोठत नाही तो थंडी कमी पडते म्हणून नाही, पाणी ऊबदार असतं म्हणून. तुम्ही हवेच्या तापमानावरून अंश-दिवस मोजले (रोज हवा गोठणबिंदूच्या किती अंश खाली, त्याची बेरीज), १००० भरले, त्यावरून बर्फाची जाडी सांगणाऱ्या लेबेदेवच्या सूत्राने ७० सेंमीच्या वर जाडी काढली आणि उपग्रहचित्रात दिसलं उघडं पाणी. सूत्राची चूक नाही. पाण्यातून, खालून येणाऱ्या उष्णतेचा वेगळा हिशेब न धरणारं सूत्र स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्यावर वापरायचंच नसतं, हे मी अनेकांशी भांडून थकलो आहे.

३५ क्षारतेचं (किलोमागे ३५ ग्रॅम क्षार) पाणी सुमारे उणे १.९ अंशाला गोठतं आणि तोवर जडच होत जातं. तळ्यासारखं ४ अंशांखालचं पाणी वर राहत नाही. वरचं गार झालं की बुडतं, खालचं वर येतं. आता हिशेब करा: १०० मीटरचा थर, ३ अंश तापमान. दर चौरस मीटरमागे २०० वॉट उष्णता जात राहिली, तरी तो गोठणबिंदूला यायला जवळजवळ चार महिने लागतात. तेवढ्यात हिवाळा सरतो. ७० सेंमी बर्फ धरायला जेवढी उष्णता काढावी लागते, तिच्या सुमारे दहापट आधी पाणी गार करायलाच काढावी लागते.

हे ऊबदार पाणी येतं पश्चिम स्पिट्सबर्गन प्रवाहातून, म्हणजे अटलांटिकचं पाणी या किनाऱ्याने उत्तरेला नेणाऱ्या सागरी प्रवाहातून, आणि इथेच मंडळी फसतात. २००६च्या हिवाळ्यात किनाऱ्यालगत उत्तरेचा वारा दिवसच्या दिवस वाहत राहिला. बोचरा वारा, म्हणजे बर्फ वाढणार, असं कुणालाही वाटेल. पण उत्तर गोलार्धात वारा पृष्ठभागाचं पाणी आपल्या उजवीकडे ढकलतो, म्हणजे इथे पश्चिमेला, खोल समुद्राकडे. त्याची जागा भरायला खालचं अटलांटिक पाणी किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर चढलं आणि फ्योर्डात शिरलं. काँग्सफ्योर्डच्या तोंडाशी त्याला अडवणारा उंच उंबरठा, म्हणजे पाण्याखालचा उंचवटा, नाही. त्यानंतर तिथला हिवाळी बर्फ पूर्वीसारखा राहिला नाही. (पावसाळ्यात केरळच्या किनाऱ्यावर होतं ते हेच; फक्त तिथे खालचं पाणी गार असतं.)

त्याच किनाऱ्यावर दक्षिणेला वान मायेनफ्योर्ड पाहा. तोंडात आक्सेलोया बेट आडवं पडलंय, म्हणून बर्फ बराच भरवशाचा. हवा जवळपास तीच, फरक दाराचा.

तेव्हा थर्मामीटर बाजूला ठेवा. आधी शरदातली तापमान-क्षारतेची उभी (पृष्ठभागापासून खोलवर घेतलेली) नोंद बघा. भारताची इंडआर्क ही पाण्याखालची वेधशाळा २०१४पासून याच फ्योर्डात आहे. मग वाऱ्याची दिशा. हिमनदीवरून उतरणारा वारा कोवळा बर्फ तोंडाकडे लोटून देतो, बाहेरच्या लाटा तो फोडतात. बर्फ टिकलाच तर भोक पाडून जाडी, वरचं हिम आणि भोकातल्या पाण्याची पातळी अशी तीन मापं घ्या. हिम बर्फाच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर गेलं (६० सेंमीवर २० सेंमी) की बर्फ पाण्याखाली दबतो, वर लगदा साचतो. वरून कोरडं दिसतं, स्नोमोबाइल त्यातच रुतते.

एक मात्र मान्य: आतल्या टोकाला, क्रोनेब्रीन हिमनदीच्या बाजूला, वितळलेलं गोडं पाणी वर पसरलेलं असेल तर पातळ थरच गार व्हावा लागतो. तिथे लवकर गोठतं, आणि तेवढ्यापुरतं तुमचं सूत्र चालेल.