एवढी जातेच आहेस, तर…

प्रिय मुली,

तुझी एक्सेल शीट मिळाली. बारा दिवस, पाच शहरं आणि तळाशी लाल अक्षरांत 'स्वित्झर्लंड??'. शिवाय तुझा प्रश्न: फ्रेंचची ए-टू ही प्राथमिक पातळी कशीबशी झालीय, एवढ्याशा फ्रेंचवर फ्रान्सला जावं, की आधी बी-टू ही वरची पातळी पूर्ण करावी? जा. यावर मी आणखी शब्द खर्च करणार नाही. पण ती शीट बघून माझं डोकं फिरलंय.

"एवढी जातेच आहेस, तर तेही बघून घे" म्हणणारे घरोघरी असतात. तुझ्याकडे आत्या आहे, माझ्याकडे भाचा होता. त्यांचं ऐकू नकोस. मोजक्या ठिकाणी जा आणि तिथेच पुन्हा जा.

पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयाला तू पंचेचाळीस मिनिटं दिली आहेस. युद्ध थांबलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, 12 नोव्हेंबर 1918 ला, चित्रकार मोनेनं पत्र लिहून दोन चित्रं देशाला देऊ केली. त्यातून वाढत वाढत दोन लंबवर्तुळाकार दालनं आणि आठ प्रचंड चित्रं झाली. दोन-दोन मीटर उंच, एकापुढे एक धरली तर नव्वद मीटरच्या वर. दालनं 1927 च्या मे महिन्यात उघडली, मोने त्याआधीच्याच डिसेंबरात गेला होता. तिथे उजेड छतातून येतो, खरा, दिवसाचा. साठच्या दशकात वर मजला चढवून तो बंद केला होता, 2006 मध्ये नूतनीकरण संपलं तेव्हा परत आला. म्हणजे ढगाळ सकाळी जे निळं-राखाडी दिसतं, ते दुपारी ऊन पडल्यावर तसं राहत नाही. एकदाच जाऊन काय कळणार तुला? पुन्हा जा. तिकीट पुन्हा काढावं लागेल. काढ. स्वित्झर्लंडच्या पैशांत अशी कितीतरी निघतील.

हा माझा हट्ट नाही, त्या चित्रकारांचा आहे. मोनेनं रूआँच्या कॅथेड्रलची तीसेक चित्रं केली. समोरच्या इमारतींमधून, 1892 आणि 93 मध्ये, उजेड सरकला की कॅनव्हास बदलत. त्यातली पाच पॅरिसच्याच ओर्से संग्रहालयाकडे आहेत. ती बघ, मग सँ-लाझार स्टेशनवरून गाडी धर, दीड तासात रूआँ. दर्शनी भिंत पश्चिमेकडे आहे, सकाळी सावलीत असते. तेव्हा बघ, जेव, आणि दुपार कलल्यावर तिथेच पुन्हा जा. सेझाननं तर दक्षिण फ्रान्सातल्या एक्स गावाजवळचा एकच डोंगर मरेपर्यंत रंगवला. तू जे.जे.ची, तुला चित्रकार रझा काय सांगायचे! 1948 मध्ये काश्मीरमध्ये छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँनं त्यांना सेझान अभ्यासायला सांगितलं, दोन वर्षांनी ते पॅरिसला गेले आणि साठेक वर्षं राहिले.

भाषेचंही तेच. रोज नवा कॅफे शोधू नकोस. मुक्कामाजवळची एक बेकरी धर, रोज सकाळी तीच. आत शिरल्याशिरल्या 'बोंजूर', त्याआधी एक अक्षर नाही. मग 'यून त्रादिसिओं, सिल व्हू प्ले', म्हणजे एक पारंपरिक लांब पाव द्या. कमी भाजलेला हवा असेल तर 'पा त्रो क्वीत'. पहिल्या दिवशी बाई इंग्रजीत उत्तर देईल. देऊ दे, तू फ्रेंच सोडू नकोस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती हवेबद्दल काहीतरी बोलेल, तुला अर्धंच समजेल, आणि ते अर्धं तुझ्या बी-टूच्या पुस्तकात नसेल.

मी आयफेल टॉवरवर चढलेली नाही. आमच्या घरी लग्नाकार्यात यावर अजून हशा होतो. "पॅरिस पॅरिस करतेस, आणि टॉवर नाही?" नाही. त्या रांगेत उभी राहिले असते, तर लूव्र संग्रहालयातल्या शार्दँच्या 'रे' माशाच्या चित्रापुढे दुसऱ्यांदा बसले नसते. मला खंत आहे ती वेगळीच: एक्सला कधी राहिले नाही, आणि आता गुडघे ऐकत नाहीत. म्हणून तुझ्यावर चिडतेय, असं म्हण हवं तर. शीट तरीही चुकीचीच आहे.

नीस काढ, लोआरचे किल्ले काढ, ते लाल अक्षर तर आधी काढ. पॅरिस आठ दिवस, एक्स चार, त्या आठातच एक दिवस रूआँ. लूव्र आणि ओरांजरी मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी. गुरुवारी ओर्से रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं, दुसरी फेरी तेव्हा टाक. नवी शीट रविवारपर्यंत पाठव, आणि आत्याला माझा नंबर दे.

तुझी,
मावशी