आधी मात्रा मोज

प्रिय,

तुझा निकाल पाहिला. मोबाईलच्या 1800 मेगाहर्ट्झच्या क्षेत्रात चोवीस तास ठेवलेल्या पेशींमध्ये कॉमेट असेची, म्हणजे डीएनए तुटल्याचं दाखवणाऱ्या चाचणीतली, शेपटी कंट्रोलपेक्षा (क्षेत्राबाहेर ठेवलेल्या पेशींपेक्षा) लांब आली. आता गाइड म्हणतात लगेच छापू, शेजारची प्रयोगशाळा म्हणते असं काही असूच शकत नाही, आणि मोबाईलविरोधी मंडळींनी तुला व्याख्यानाचं आमंत्रण धाडलंय. तू मला विचारतोस, मी कोणत्या बाजूला उभं राहू?

हा प्रश्नच आधी बाजूला ठेव. तुझ्या चार पानांत शेपटीची लांबी आहे, पी-मूल्य आहे, आलेख आहेत. डिशमधल्या पेशींना नेमका किती एसएआर (ऊर्जा शोषली जाण्याचा दर) मिळाला, ते मात्र कुठेच नाही. ‘अँटेनाची शक्ती 2 वॅट’ असं लिहिलंयस. ते उपकरणाचं वर्णन झालं, मात्रा नव्हे. मात्रा म्हणजे पेशी जिथे बसली आहे तिथे दर किलोग्रॅममागे किती वॅट शोषले गेले. ती माहीत नसेल तर परिणाम दिसला काय आणि न दिसला काय, त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून आधी मात्रा मोज. कशी, ते सांगतो.

पेशींचा थर डिशच्या तळाशी एक-दोन मिलिमीटर द्रवाखाली असतो. द्रवाची कड डिशच्या भिंतीला चिकटून वर चढते आणि तेवढ्या वक्रतेनेही कडेचा एसएआर मधल्यापेक्षा बराच वेगळा होतो. संगणकावर मॉडेल करताना पृष्ठभाग सपाट धरलास तर आकडा चुकेल. द्रवाची वाहकता आणि परावैद्युत गुणांक 37 अंशांवर मोजलेले घे, पुस्तकातले नकोत. मग मॉडेलचा पडताळा तापमानाने घे. क्षेत्र सुरू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत तापमान ज्या दराने चढतं, त्याला विशिष्ट उष्मेने गुणलं की एसएआर मिळतो. द्रवाची विशिष्ट उष्मा साधारण 4,180 जूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश धर. म्हणजे 2 वॅट प्रति किलोग्रॅमला मिनिटाला 0.03 अंशांच्या आसपास वाढ, आणि उष्णता बाहेर गेली नाही तर दहा मिनिटांत 0.3 अंश. त्यासाठी फायबर-ऑप्टिक प्रोब लागतो. धातूचं थर्मोकपल क्षेत्रात घातलंस तर ते स्वतः तापतं आणि भोवतालचं क्षेत्रही बिघडवतं. तुझ्या पद्धतींच्या भागात थर्मोकपल लिहिलेलं दिसलं, म्हणून हे एवढं स्पष्ट करून सांगतोय.

अर्ध्या अंशाच्या फरकानेही पेशींचं वागणं बदलू शकतं. तुझी ती लांब शेपटी नुसत्या उबेची नाही, हे तुला आज सांगता येईल? एक्सपोजर आणि शॅम (क्षेत्र सोडून बाकी सगळं तसंच असलेला कंट्रोल) यांच्यातला फरक 0.1 अंशाच्या आत ठेव, आणि प्रत्येक प्रयोगाची तापमानाची नोंद पेपरला जोड.

आता शॅम. तुझे कंट्रोल दुसऱ्या इन्क्युबेटरमध्ये होते. ते चालणार नाही. एकाच इन्क्युबेटरमध्ये दोन सारखे कक्ष हवेत, सारखा पंखा, सारखी वायर. कोणता कक्ष चालू आणि कोणता बंद हे संगणकाने चिठ्ठी काढून ठरवावं. ती माहिती शेपट्या मोजणाऱ्यापासून आणि तुझ्यापासूनही लपलेली हवी, मोजणी संपेपर्यंत. शिवाय इन्क्युबेटरच्या आतलं 50 हर्ट्झचं, म्हणजे घरगुती विजेचं, चुंबकीय क्षेत्र मोजलंस का? पंख्याच्या मोटरमुळे आणि हीटरमुळे तिथे दहा-वीस मायक्रोटेस्ला सहज सापडतात, आणि ते एका फळीच्या डाव्या-उजव्या टोकाला वेगळं असतं. पुढे तुला 50 हर्ट्झवर काम करायचं आहे म्हणतोस. मग तर तुझा कंट्रोल आधीच एक्सपोज झालेला असेल. फळीवर दर पाच सेंटिमीटरला तिन्ही अक्षांत मोज, आणि गरज पडली तर म्यू-मेटलचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचा, डबा वापर.

त्या कामासाठी कॉइल बांधशील तर हेल्महोल्ट्झची जोडी घे: दोन कॉइलमधलं अंतर त्रिज्येइतकं. त्रिज्या 20 सेंटिमीटर, प्रत्येकी 100 वेढे आणि 1 अँपिअर असले की मध्यभागी सुमारे 450 मायक्रोटेस्ला मिळतात. प्रत्येक कॉइल दुहेरी तारेने गुंडाळ. दोन्ही तारांत प्रवाह एकाच दिशेने असला की क्षेत्र मिळतं. एका तारेतला उलटा केला की क्षेत्र जवळजवळ शून्यावर येतं, पण तारा तेवढ्याच तापतात. खरं शॅम हेच. नुसतं बटण बंद केलंस तर कॉइलची ऊब गेली आणि क्षेत्रही गेलं, मग फरक कशाचा म्हणशील? थरथर मात्र दोन्ही स्थितींत तंतोतंत सारखी राहत नाही, त्यामुळे डिशचा स्टँड कॉइलपासून सुटा ठेव.

आकडेवारीबद्दल थोडक्यात. तीन प्रयोगांत प्रत्येकी शंभर पेशी मोजल्यास, म्हणजे तुझा नमुना तीनचा झाला, तीनशेचा नव्हे. एका डिशमधल्या पेशी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचा पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे जिथे शेपटी नक्की लांबायला हवी अशी डिश, प्रत्येक खेपेला हवाच.

तू म्हणशील, एवढं सगळं कोण करतं? खरं आहे, पुष्कळजण करत नाहीत, आणि खंत आहे ती याचीच. 1979मध्ये वेर्थायमर आणि लीपर यांनी अमेरिकेतल्या डेन्व्हरमधल्या घरांबाहेरच्या विजेच्या तारांची ठेवण पाहून मुलांच्या कर्करोगाचा प्रश्न मांडला. तेव्हापासून या विषयात हुशार माणसांनी आयुष्यं घातली. पण परिणाम मोजण्यात जेवढा जीव ओतला, त्याच्या निम्माही मात्रा मोजण्यात ओतला नाही, आणि त्यातलं कितीतरी काम आज कुणाला वापरता येत नाही.

मोठे अभ्यासही इथेच अडखळतात. अनेक अभ्यास एकत्र करून 2000 साली केलेल्या विश्लेषणात विजेचं चुंबकीय क्षेत्र 0.4 मायक्रोटेस्लाच्या वर असलेल्या घरांत बालरक्तकर्करोगाचा धोका सुमारे दुप्पट दिसला, पण अशी मुलं होती जेमतेम 0.8 टक्के. त्याच पुराव्यावर 2002मध्ये आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ही क्षेत्रं ‘2बी’, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’, गटात टाकली. मोबाईलच्या इंटरफोन या बहुदेशीय अभ्यासात 1,640 तासांहून जास्त बोलणाऱ्यांत ग्लायोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या धोक्याचं गुणोत्तर (न वापरणाऱ्यांचा धोका 1 धरून) 1.40 आलं आणि नियमित वापरणाऱ्यांत 0.81. मोबाईलने ग्लायोमापासून संरक्षण मिळतं असं कुणी मानणार नाही. तो 0.81 तुला सांगतो की निवडलेल्या कंट्रोलपैकी 53 टक्केच सामील झाले होते आणि बोलण्याचे तास लोकांच्या आठवणीतून आले होते. मग 1.40वर डोळे मिटून विश्वास कसा ठेवायचा? अमेरिकेच्या एनटीपी या सरकारी विषशास्त्र कार्यक्रमाच्या, नर उंदरांच्या हृदयात गाठी दिसलेल्या, अभ्यासात मात्रा नीट मोजलेली आहे, आणि तरी तो उद्धृत करणारे ती वगळतात: घुशीएवढ्या त्या नर उंदरांच्या पूर्ण शरीराला 6 वॅट प्रति किलोग्रॅमपर्यंत, दिवसाला नऊ तास, दोन वर्षं. जनतेसाठीची पूर्ण शरीराची मर्यादा 0.08 आहे. एक्सपोज झालेले नर कंट्रोलपेक्षा जास्त जगले, हेही त्याच अहवालात आहे. दोन्ही बाजूंचे लोक त्यातलं सोयीचं वाक्य उचलतात.

आणि शेजारच्या प्रयोगशाळेचं ‘असं असूच शकत नाही’ हेही मला पटत नाही. 900 मेगाहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा शरीराच्या तापमानातल्या औष्णिक ऊर्जेच्या सुमारे सात हजारांश असते, हे बरोबर. त्यामुळे रासायनिक बंध थेट तुटत नाहीत. पण यंत्रणा सुचत नाही म्हणून मोजायचंच नाही, हा आळस झाला. त्यांनाही तेच विचार: तुमच्या ‘परिणाम नाही’वाल्या पेपरात मात्रा किती होती?

परीक्षक म्हणून आलेला पेपर, एसएआरचा नकाशा आणि शॅमचं वर्णन नसेल तर मी परत पाठवतो. निष्कर्ष मला पटणारा असला तरी पाठवतो. त्यामुळे मला दोन्हीकडचे लोक अडेल म्हणतात. एक गट मला कंपन्यांचा माणूस समजतो, दुसरा भीती पसरवणारा. या हट्टाची किंमत असते: पेपर कमी होतात, अनुदान उशिरा मिळतं, समित्यांमधून नाव गळतं. ती मोजूनही मी हट्ट सोडलेला नाही, सोडणारही नाही. कारण पलीकडे खरोखर आजारी माणसं आहेत. ज्यांना वाटतं टॉवरमुळे आपली झोप गेली, त्यांचा त्रास खरा असतो. दुहेरी अंध चाचण्यांमध्ये त्यांना क्षेत्र चालू आहे की बंद हे ओळखता आलेलं नाही, तरी त्रास खराच आहे. अर्धवट मोजलेल्या प्रयोगाचा उपयोग त्यांना होत नाही, त्यांच्या भीतीचा व्यापार करणाऱ्यांना होतो.

तर पेपर आत्ता पाठवू नकोस. व्याख्यानाला नाही म्हण. गाइडना सांग की मात्रामापनाला चार-सहा महिने हवेत. ते चिडले तर हे पत्र दाखव. आधी पेशींशिवाय, नुसता द्रव भरून सगळ्या जागांवरचं तापमान आणि क्षेत्र मोज आणि ते आकडे मला पाठव. मग दोन्ही कक्ष बंद ठेवून पूर्ण प्रयोग कर. त्यातही फरक दिसला तर दोष मांडणीत आहे आणि पुढे जाण्यात अर्थ नाही. नाही दिसला तर नियोजन आधी नोंदवून टाक: किती खेपा, कोणतं मापन मुख्य, कोणती चाचणी. त्यानंतरच क्षेत्र सुरू कर.

अनुदानाचंही विचारलं होतंस. 2007मध्ये 59 प्रयोगांचा आढावा निघाला, त्यात फक्त उद्योगाच्या पैशावर चाललेल्या अभ्यासांत परिणाम सापडल्याचं प्रमाण सर्वांत कमी होतं. मिश्र निधी आणि मध्ये स्वतंत्र संस्था असेल तर पैसे घे. करारात दोन गोष्टी लेखी हव्यात: निकाल कसाही आला तरी छापण्याचा अधिकार तुझा, आणि देणाऱ्याला मसुदा छापण्याआधी बदलता येणार नाही. यातली एक जरी गाळली असेल तर सही करू नकोस, अनुदान कितीही मोठं असो.

तुझा,
सर