ताई, आधी एक पालक शोधा

प्रिय ताई,

तुम्ही लिहिलंय की मुलगा चार वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नाही, बसायला अजून आधार लागतो, बोलत नाही. नोकरी सोडलीत, नवरा या विषयावर गप्पच असतो, सासूबाई म्हणतात वय वाढलं की आपोआप चालेल, आणि रात्री सगळे झोपले की तुम्ही मोबाईल घेऊन शोधत बसता. "कोणाला काय विचारावं हेच कळत नाही," हे तुमचं वाक्य वाचून खूप वाईट वाटलं, कारण तुमच्यासारख्या कितीतरी आया नेमक्या इथेच अडकतात.

रात्रीचं ते शोधणं आधी थांबवा. माहिती लागेलच, पण त्याआधी एक माणूस हवा, म्हणजे असा पालक ज्याचं मूल तुमच्या मुलासारखंच आहे आणि चार-पाच वर्षांनी मोठं आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत ओमाहा इथे पालकांनी हेच सुरू केलं, अनुभवी पालकाची नव्या पालकाशी गाठ घालून द्यायची, आणि ती पद्धत पुढे खूप पसरली. तुम्ही थेरपिस्टला सरळ विचारा, "माझ्याशी बोलायला तयार होईल अशी एखादी आई आहे का, तिला विचारून माझा नंबर द्याल का?" कुठला फॉर्म आधी भरायचा, कुठली शाळा खरंच मुलाला घेते, कुठली खुर्ची घेऊन पैसे वाया गेले, हे तिच्याइतकं नीट कोणी सांगणार नाही.

आणि मदत मागताना संकोच करू नका हो. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात, कलम २३ मध्ये, अशा मुलांना आणि त्यांच्या कुटुंबांना लवकर आणि पुरेशी माहिती, सेवा, आधार द्यायचा असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे हा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठी एक ट्रेनिंग प्रोग्रॅमही आहे, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या घरच्यांसाठी, त्यात ९ गट-सत्रं आणि ३ घरभेटी असतात. तुमच्या जवळ कोणी घेतं का ते डॉक्टरांना विचारून बघा.

आता घरचं. "कोणीच मदत करत नाही" असं लिहिलंत, पण बऱ्याचदा लोक घाबरतात, मुलाला काही झालं तर म्हणून लांब राहतात. एका कागदावर लिहून काढा: भरवताना ताठ बसवायचं, छोटा चमचा, गिळल्यावरच पुढचा घास, औषध किती वाजता, मिक्सरच्या आवाजाला घाबरतो, "हो" म्हणायचं असेल तर काय करतो. मग नणंदेला "जरा मदत कर" असं म्हणू नका, "शनिवारी चार ते सहा याच्याजवळ बसशील का?" असं विचारा. आधी तुमच्यासमोर एकदोनदा करू द्या. नवऱ्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एकदा थेरपीला एकट्यालाच पाठवा. मुलाला कसं धरायचं हे हाताने शिकलं की बोलणंही सुरू होतं कधीकधी.

एक गोष्ट मात्र ठाम सांगते. "पूर्ण बरा करतो" म्हणणाऱ्यांकडे पैसे घालवू नका. मेंदूला झालेली इजा पुसून टाकणारा उपचार आज नाहीये, पण हालचाल, खाणं, संवाद यात थेरपीने फरक पडतो आणि तुमची मेहनत तिथेच लागू दे. सासूबाईंनाही हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या. बोलण्याची वाट बघत बसू नका, चित्रांचा बोर्ड आत्ताच स्पीच थेरपिस्टकडून सुरू करा, त्याने बोलणं मागे पडतं ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही, आणि त्याला काय हवंय ते सांगता आलं की त्याची चिडचिडसुद्धा कमी होऊ शकते.

पाठ दुखते असं अगदी शेवटी एका ओळीत लिहिलंत, ते मला जास्त खटकलं. मूल आता जड होत जाणार, तेव्हा उचलायची योग्य पद्धत फिजिओथेरपिस्टकडून याच आठवड्यात शिकून घ्या. आणि झोप लागत नाही, रोज रडू येतं हे असंच चालू असेल तर स्वतःसाठी वेगळी अपॉइंटमेंट घ्या, मुलाच्या तपासणीत घाईघाईने उरकू नका.

तुमची ताई