छडी गुरुजींची, कांडी जादूची

बारावीतली एक मुलगी विचारते. गाव आमच्याच भागातलं, वैनगंगेच्या काठचं. इंग्रजी जादू-कादंबऱ्या वाचून ती मराठीत फॅनफिक्शन लिहिते. तिकडची पात्रं उचलून तिने इकडच्या धानाच्या बांध्यांत आणून सोडली आहेत. नायक पंधरा वर्षांचा, बाप नाही, काकाकडे वाढलेला. एका रात्री घर सोडून निघतो तो सागवानाची 'मॅजिक वाँड' घेऊन. तिचे प्रश्न तीन. त्या वाँडला 'जादुई छडी' म्हणू की 'जादूची कांडी'? ते शस्त्र की अस्त्र? आणि अशा 'ट्रबल्ड' मुलाला मराठीत काय म्हणतात? एका जाणकाराने तिला 'समस्याग्रस्त किशोर' सुचवलं आहे.

आधी त्या जाणकाराचा समाचार. ग्रस्त म्हणजे गिळलेला. ग्रहणात चंद्र ग्रस्त होतो कारण राहू त्याला गिळतो. ताटातला घास त्याच घरचा. विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना 'आत्महत्याग्रस्त' म्हणत २००६ मध्ये ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, तेव्हापासून आमच्याकडे ग्रस्त म्हटलं की माणसं सातबाऱ्याची झेरॉक्स शोधायला लागतात. तुझ्या पोट्ट्याला तलाठ्याकडे नाव लिहायचं नाही, जादू करायची आहे. खोड तो शब्द.

'जादुई'ही खोड. हिंदी डबिंगमधून आलेला तो पाहुणा आता घरात पाय पसरून बसला आहे. आपल्याकडे जादूचा, जादूची, जादूचं. धडधाकट षष्ठी असताना ही उसनवारी कशाला? छडी तर मला ऐकवतच नाही. छडी गुरुजींच्या हातात असते आणि आपल्या तळहातावर पडते. तिच्यातून कधी काही निघालं नाही, निघालं ते आपल्या डोळ्यांतून. हिंदीवाल्यांना जादूसाठी तीच लागते, त्यांना लखलाभ. आपले पुढारीसुद्धा 'माझ्याकडे काही जादूची कांडी नाही' असंच म्हणतात. एवढं एक वाक्य तरी ते बरोबर बोलतात.

अस्त्र-शस्त्राचं तुझं शाळेत झालेलं आहे. शस् म्हणजे कापणे, अस् म्हणजे फेकणे. हातात राहतं ते शस्त्र, हातातून सुटतं ते अस्त्र. तुझी कांडी हातातच राहते आणि मंत्र सुटतो. मग मंत्राला अस्त्र म्हण, कांडीला कांडी म्हण. यावर पानंच्या पानं लिहिणारे आहेत, त्यांना लिहू दे.

आता कांडी.

माझं आजोळ पवनीतल्या कोष्टीपुऱ्यातलं. मामा मागावर बसायचा आणि आजी ओसरीवर चरख्याशी कांड्या भरत बसायची. धोट्यात कांडी बसते, कांडीवर बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत असतं, धोटा इकडून तिकडे गेला की सूत सुटत जातं. (बाणा शब्द आला म्हणून उड्या मारू नका. त्याचं नातं विणण्याशी आहे, धनुष्याशी नाही.) आजीच्या टोपलीतल्या जुन्या कांड्या बोरूच्या होत्या, दोन पेरांमधला पोकळ तुकडा कापून केलेल्या, हाताळून हाताळून तंबाखूच्या रंगाच्या झालेल्या. मी एकदा त्यातली एक उचलून मामेभावावर रोखली आणि तोंडाने ठो केलं. आजी म्हणाली, "काहून रे, कांडी का मारायची असते?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता येतं. हो आजी, मारायचीच असते. जुना अर्थच तो.

कांडी हे काण्ड शब्दाचं लेकरू. काण्ड म्हणजे ऊस, वेळू, बोरू यांचं दोन गाठींमधलं पेर. रामायणाची कांडं तीच, ग्रंथाची पेरं. वेळूचं किंवा बोरूचं सरळ पेर कापलं, टोकाला पातं बसवलं की झाला बाण. म्हणून संस्कृतात काण्ड म्हणजे बाणसुद्धा. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात काण्डाचे अर्थ ओळीने दिलेत, त्यात पहिला दण्ड आणि दुसरा बाण. पाणिनीने तर काण्डापासून 'काण्डीर' शब्द साधून दिला आहे, बाणवाला अशा अर्थाचा. म्हणजे तुझ्या इंग्रजी जादूगाराच्या हातात काठी आहे की हत्यार, हा वाद आपल्या शब्दाने कधीच मिटवून ठेवला आहे. काठीही तीच, हत्यारही तेच.

मध्यंतरी एका सद्गृहस्थांनी कांडी 'कांडणे' या क्रियापदावरून काढली. म्हणे, मुसळाची धाकटी बहीण. अहो, कांडणं कण्डनावरून आलं, धान सडण्यावरून! उखळ निराळं, वेळूचं बेट निराळं. आवाज सारखा आला की सोयरीक जुळवायची, ही सवय लग्नाच्या दलालांना शोभते, व्युत्पत्ती सांगणाऱ्यांना नाही.

आणि कोणी म्हणेल की जिलेटिनच्या कांडीला कुठे पेर असतं? नसतं. पण विहीर खोदताना काळा पाषाण लागला की आमच्याकडे काय म्हणतात? 'कांडी लावा.' दगडाला भोक पाडायचं, त्यात कांडी सारायची, वायर ओढून सगळ्यांनी पळसामागे जाऊन बसायचं. पेर गेलं, मारा राहिला. शब्दांचं असंच असतं, एक खूण सुटते, दुसरी टिकते.

तुला साहित्यातली सगळ्यात भयानक कांडी दाखवू? महाभारताच्या सौप्तिक पर्वात ऐषीक नावाचं उपपर्व आहे. अश्वत्थामा गंगेच्या काठी व्यासांजवळ बसलेला, दर्भाचं वस्त्र नेसून, अंगाला तूप फासून, धुळीने माखून. भीम आला, मागून कृष्ण आणि अर्जुन आले. अश्वत्थाम्याने डाव्या हाताने एक इषीका उचलली. इषीका म्हणजे बोरूसारख्या गवताची काडी. तिच्यावर ब्रह्मशिर अस्त्राचा मंत्र घातला आणि 'अपाण्डवाय' म्हणून सोडली. 'पांडव नाहीसे व्हावेत', बस, एवढा एका शब्दाचा मंत्र. पुढे अर्जुनाने आपलं अस्त्र मागे घेतलं, याला ते जमलं नाही. आणि तुझ्या त्या 'ट्रबल्ड'चा शोध घेत असशील तर याचं लहानपण वाच. घरात गाय नव्हती, बरोबरीच्या पोरांनी पाण्यात पीठ कालवून दूध म्हणून पाजलं आणि हा 'मी दूध प्यायलो' म्हणून नाचला. ते पाहून द्रोण द्रुपदाच्या दारी गेला आणि पुढचं सगळं घडलं. पिठाच्या पाण्यापासून गवताच्या काडीपर्यंत सरळ रेघ आहे ही.

पण खरी गंमत पुढे आहे, ज्या शब्दासाठी मी हे लिहायला बसलो. काण्डपृष्ठ.

शब्दशः अर्थ, पाठीवर बाण असलेला. अमरकोशाने तो शस्त्रावर पोट भरणाऱ्यांच्या नावांत घातला आहे. इथवर सरळ. पण आपट्यांच्या १८९० च्या संस्कृत-इंग्रजी कोशात पाहशील तर त्याच शब्दाखाली आणखी अर्थ आहेत: दत्तक मुलगा, आणि शिवी म्हणून, आपल्या कुळाशी किंवा पेशाशी बेइमान झालेला. शिवीच्या आधाराला एक श्लोक दिला आहे, 'स्वकुलं पृष्ठतः कृत्वा यो वै परकुलं व्रजेत्...' आपल्या कुळाकडे पाठ करून जो परक्या कुळात जातो, तो काण्डपृष्ठ. म्हणजे हत्यार आणि घर सोडलेलं पोरगं, दोन्ही एका शब्दात! तू तीन प्रश्न विचारलेस, भाषेने हजार वर्षांपूर्वी त्यांची एकत्र मोट बांधून ठेवली आहे.

मात्र तो श्लोक मला पटत नाही, आणि इतक्या पंडितांनी तो मुकाट्याने कसा उतरवून घेतला याचं नवल वाटतं. त्यात 'पृष्ठ'चा हिशेब लागतो, 'काण्ड'चा लागत नाही. कुळाकडे पाठ केली तर शब्द कुलपृष्ठ व्हायला हवा होता. बाण कुठून आला मध्येच? श्लोक रचणाऱ्याने अर्धा शब्द सोडवला आणि उरलेला गिळला. माझं म्हणणं असं: इथे काण्ड म्हणजे बाण नाहीच, वेळूचं पेर आहे. वेळूला संस्कृतात काय म्हणतात? वंश. कुळाला काय म्हणतात? वंश. दोन्हीकडे पेरावर पेर चढत जातं. बाप एक पेर, मुलगा पुढचं पेर. ज्याने आपल्या पेराकडे पाठ केली तो काण्डपृष्ठ. आमच्याकडचा बुरड वेळू फोडताना गाठीशी कोयता कसा अडतो ते ज्याने पाहिलं आहे, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. कोशात हे कुठे मिळणार नाही. हा तर्क माझा आहे आणि मी तो सोडणार नाही.

ही शिवी नाटकात कोणी कोणाला दिली? भवभूतीच्या 'महावीरचरिता'त तिसऱ्या अंकात जनकाच्या पुरोहिताने, शतानंदाने, परशुरामाला. ब्राह्मणाचा मुलगा, बापाच्या शब्दावरून आईवर परशू चालवलेला, मग बापाच्या सुडासाठी पृथ्वी फिरलेला. यापेक्षा बिघडलेलं तरुणपण कोणत्या कादंबरीत आणशील? आणि भवभूती कुठला? पद्मपूरचा. संस्कृतचे पंडित वा. वि. मिराशींनी ते आमगावजवळचं पदमपूर असल्याचं दाखवलं. आज ते गोंदिया जिल्ह्यात आहे, १९९९ पर्यंत आमच्याच भंडाऱ्यात होतं. 'मालतीमाधव' घडतं ती पद्मावती नगरी आणि कवीचं पद्मपूर ही दोन वेगळी गावं आहेत, हे दर दोन-चार वर्षांनी कोणाला तरी सांगावंच लागतं.

तुम्ही फॅनफिक्शनवाले 'फिक्स-इट' म्हणता ना, मूळ कथेचा दुःखी शेवट पुसून आपल्या मनाचा लिहायचा? वाल्मीकींकडे सीता धरणीत जाते. आमच्या या पद्मपूरच्या माणसाने आठव्या शतकात 'उत्तररामचरित' लिहिलं आणि रामसीतेला परत एकत्र आणलं. त्यातला लव पाहा. आश्रमात वाढलेला, बाप कोण ते ठाऊक नाही, यज्ञाचा घोडा अडवतो आणि सैन्यावर जृम्भकास्त्र सोडतो. कोणी शिकवलेलं नाही, जन्मतःच आलेलं. त्याने कोणी मरत नाही, सगळं सैन्य चित्रासारखं थिजतं. जृम्भ् म्हणजे आळस देत तोंड वासणे. आपली जांभई त्याच धातूची. जांभईचं अस्त्र! बारावीच्या वर्गात दुपारच्या तासाला ते रोज कोण सोडतं, ते तुला सांगायला नको.

हां, तुझा मुलगा राहिला. त्याला एक विशेषण शोधू नकोस, मराठीत अशा पोरांसाठी क्रिया असतात. गावात बायका काय म्हणतात? "पोट्टा घुमा झाला." "त्याचं कशात मन नाही." आणि शेवटी, "हातचा गेला." हा शेवटचा घे. अस् धातूचं याहून चांगलं मराठी मला तरी माहीत नाही. वर शस्त्र आणि अस्त्राचा फरक सांगितला तो परत वाच आणि मुलाला त्यात बसवून पाहा.

आणि कांडी सागाची नको. साग दांडा होईल, वासा होईल, कांडी होणार नाही, कारण त्याला पेर नाही. वेळूची कर. वेळू मुळात गवत, अश्वत्थाम्याच्या काडीचा थोरला भाऊ. वनाबाहेरच्या वेळूला सरकारनेही २०१७ मध्ये झाडांच्या व्याख्येतून काढलं, म्हणजे काकाच्या बांधावरची एक कांडी तोडायला तुझ्या पोट्ट्याला वनरक्षकाची परवानगीसुद्धा लागणार नाही.